खळ

डब्यावर गव्हाची लोंबी, आणि तिच्यावर आडवी रेघ.
ही खूण भार्गवीला आता अंधारातही कळेल.
नरहरीने फ्रँकफर्टहून धाडलेली बिस्किटं;
पार्सलचा कागदसुद्धा तिने घडी घालून दप्तरात ठेवला.

मागची बारीक अक्षरं आमच्यापैकी कुणाला येईनात.
शेजारच्या पोराने मोबाइल वर धरला
आणि काचेवर मराठी उमटली, जरा लंगडत:
तांदळाचे पीठ. साखर. पाम तेल.
गव्हाचे स्टार्च.

राजमणी हसली, मग एकदम हसायची थांबली.
डबा फळीवर गेला, वरच्या,
जिथे मागच्या वर्षीची हिंगाची डबी अजून आहे.

त्या डबीने आम्हाला सहा महिने फसवलं.
भाकरी ज्वारीची, आमटी तुरीची,
शेंगाचटणी घरी कांडलेली,
तरी पोर वाळत चालली काडीसारखी.
मग एका दुपारी राजमणीने चष्मा लावून वाचलं :
हिंगात मैदा. चिमटीभर, रोज, फोडणीत, आपल्याच हाताने.
ती डबी तिने फेकली नाही.
म्हणाली, राहू दे, मला दिसत राहू दे.

गिरणीवाला बसय्या चांगला माणूस.
सोमवारी दुकान उघडायच्या आधी जातं झाडून ठेवतो,
पहिली ज्वारी आमची.
तरी त्याच्या भुवयांवर आदल्या दिवसाचा गहू असतो
आणि तो बोलायला लागला की मी पिशवीचं तोंड धरतो.

डॉक्टरांना फोन केला.
म्हणाले, धुऊन काढतात त्यातलं ग्लूटेन,
किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या खाली, मोजून.
बहुतेकांना चालतं.
बहुतेकांना, हा शब्द मी हातावर घेऊन
अक्कलकोट रोडला रात्रपाळीला गेलो.

मी सायझिंगला आहे, अठरा वर्षं.
ताण्याला खळ पाजणं हेच माझं काम.
आता मक्याची असते; माझे आजोबा साखर पेठेत मैद्याची शिजवायचे,
तिचा वास त्यांच्या मिश्यांना, पंच्याला, आंघोळीनंतरही.
खळीशिवाय धागा मागावर टिकत नाही, तुटतो.
आणि खळ काढल्याशिवाय टॉवेल पाणी पीत नाही.
धुणाऱ्या कामगाराला विचारा :
पहिल्या पाण्यात बरीच जाते,
दुसऱ्यात उरलेली,
तिसऱ्या पाण्यानंतरही आयोडीनचा थेंब टाकावा
तर कुठेतरी एका कोपऱ्यात निळं उमटतं.
त्याला आम्ही पास म्हणतो. त्याला पास म्हणावंच लागतं.

सकाळी घरी आलो. नळाचा पाचवा दिवस,
गल्लीभर घागरी, बादल्या, भांडणं.
भार्गवी हंडा धरून रांगेत, बारीक मनगट,
मला बघून तिने विचारलं :
पप्पा, गहू धुऊन तांदूळ होतो का?
मी म्हणालो, नाही होत.
मग गहू धुऊन काय होतं?

मला उत्तर आलं नाही. हंडा उचलला.

रविवारी राजमणीने फळीवरून डबा काढला.
कारण तिसरीच्या वर्गात ज्याचा-त्याचा वाढदिवस,
कारण ही पोर दर वेळी केक शेजारणीला देऊन
हात फ्रॉकला पुसत घरी येते.
डबा उघडला तर नुसत्या लोण्याचा वास.
पोर आधी माझ्याकडे बघत होती, मग आईकडे,
मग तिने एकच उचललं,
कडेकडेने उंदरासारखं कुरतडलं,
डोळे मिटून.

त्या रात्री आम्ही दोघं जागे होतो.
ती झोपेत कुशीवर वळली की उठून बसायचो,
पोटावर हात ठेवावा की नाही कळेना.
बाहेर यंत्रमाग चालू होते, खटाक खटाक,
दोन वाजता वीज गेली आणि सगळे एकदम थांबले.
तेवढ्यात तिचा श्वास ऐकू आला.

डब्यात अकरा उरली आहेत.
राजमणीने ती मोजून ठेवली, मीही मोजली,
आणि सकाळी डब्याजवळ भार्गवीची चिठ्ठी होती,
पेन्सिलीने : अकरा.